देव मानता का, हे विचारण्याआधी

१९७२ च्या हिवाळ्यात आइसलँडची राजधानी रेक्याविक इथे दोन गृहस्थ न्याय आणि धर्म खात्याच्या मंत्र्यांना भेटायला गेले. त्यांच्यातले पुढारी स्वेनब्यॉर्न बेंतेनसन. धंद्याने शेतकरी, मेंढ्या पाळणारे. वृत्तीने कवी, जुन्या चालीची लांबच लांब काव्यं तोंडपाठ म्हणणारे. मागणी अशी की ओदिन, थोर, फ्रेया या जुन्या देवांना मानणाऱ्यांचा धर्म सरकारदरबारी नोंदवून घ्यावा. मंत्री ओलाफुर योहानेसन त्या वेळी देशाचे पंतप्रधानही होते. त्यांना आधी वाटलं, कोणीतरी चेष्टा करतंय. पाहुणे गंभीर आहेत हे कळल्यावर त्यांनी जगातलं कुठलंही सरकार करेल तेच केलं, आणखी कागदपत्रं आणायला सांगितली. दोघं बाहेर पडले आणि थोड्याच वेळात वादळ होऊन शहराच्या मध्यभागातली वीज गेली. थोर हा मेघगर्जनेचा देव. वर्तमानपत्रांना आयतीच बातमी मिळाली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात नोंदणी झाली. बारा जणांनी मिळून काढलेल्या या संघटनेचे आज पाच हजारांहून जास्त सभासद आहेत, आणि देशाची लोकसंख्या जेमतेम चार लाख. संघटनेचं मूळ नाव मराठी जिभेला फार जड जातं, म्हणून पुस्तकभर मी तिला आसात्रू संघ म्हणणार आहे.

वीज गेल्याचा किस्सा ऐकायला छान आहे, पण मला त्यातली कागदपत्रांची गोष्ट जास्त मोलाची वाटते. या पुस्तकात जे लोक भेटतील त्या सगळ्यांच्या वाट्याला केव्हा ना केव्हा एक टेबल आलेलं आहे. टेबलापलीकडे कधी मंत्री असतो, कधी तुरुंगाचा अधिकारी, कधी पोराच्या शाळेतल्या बाई, कधी होणारे सासरे. प्रश्न ठरलेला असतो: तुम्ही लोक नेमकं मानता तरी काय? उत्तर द्यायला लागलं की माणूस अडखळतो. त्याला सांगायचं असतं की आम्ही अमुक दिवशी अमुक टेकडीवर जातो, जाळ करतो, जमिनीवर थोडी बिअर ओततो, मेलेल्यांची नावं घेतो. विचारणाऱ्याला हवी असते सिद्धान्ताची यादी. देव एक की अनेक? ग्रंथ कोणता? संस्थापक कोण? मेल्यावर काय होतं? ज्या धर्मांमध्ये श्रद्धेची कलमं मोठ्याने म्हणून माणूस त्या धर्माचा होतो, त्यांच्या मापाने शिवलेले हे प्रश्न आहेत. निसर्गाशी बांधलेल्या धर्मांच्या अंगाला ते बसत नाहीत. अशा धर्माचा, स्वतःला पेगन म्हणवणारा माणूस उत्तर द्यायला जातो आणि बोलता बोलता दुसऱ्याच कुठल्या तरी धर्माचं वर्णन करून बसतो.

मराठी वाचकाला यात खरं तर अडचण येऊ नये. वेशीवरच्या म्हसोबाला नारळ फोडणाऱ्याला आपण कधी विचारलंय का, की बाबा, म्हसोबाविषयी तुझी तात्त्विक भूमिका काय? नारळ फोडला, अंगारा लावला, खोबऱ्याचा तुकडा वाटला, झालं. पण गंमत अशी की पेगन लोकांविषयी बोलताना आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात, आणि दोन्ही चटकन येतात. पहिली, ‘म्हणजे चेटूक करणारे का?’ दुसरी, ‘अहो, मग हे आपलंच की!’ हे पुस्तक लिहिताना मला पहिलीपेक्षा दुसरीने जास्त छळलं. पण आधी पहिली.

चेटकाचा प्रश्न हसण्यावारी नेण्याचा आपल्याला हक्क नाही. नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यात आजही एखाद्या बाईला डाकीण ठरवलं की तिचं घर, शेत, प्रसंगी जीव जातो. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. अशा राज्यातल्या वाचकाला इंग्लंडमधली एखादी ग्रंथपाल बाई ‘मी विच आहे’ असं अभिमानाने सांगते, हे कसं समजावायचं? तिच्यापाशी ती ओळख स्वतः निवडण्याची सोय आहे. नंदुरबारच्या बाईवर ती लादली जाते. हा फरक पुसून टाकणारं कोणतंही कौतुक मला मान्य नाही. युरोपातही पंधराव्या ते अठराव्या शतकांत ज्यांना चेटकिणी म्हणून जाळलं किंवा फासावर दिलं, ती चाळीस-पन्नास हजार माणसं बहुतेक सगळी साधीसुधी ख्रिस्ती माणसं होती, कुठल्या गुप्त धर्माची अनुयायी नव्हेत. नव्वद लाख बायका जाळल्या हा आकडा पेगन लिखाणात बराच काळ फिरत राहिला. तो खोटा आहे.

इथे विक्का या पंथाची हकिगत सांगावी लागते, कारण आजच्या पेगन चळवळीतली बरीच भांडीकुंडी तिथून आलेली आहेत. जेराल्ड गार्डनर हे १८८४ साली जन्मलेले इंग्रज. उमेदीची वर्षं श्रीलंका, बोर्निओ आणि मलायात गेली. आधी मळ्यांवर, मग मलायात जकात खात्यात. निवृत्त होऊन इंग्लंडला परतल्यावर त्यांनी सांगितलं की न्यू फॉरेस्ट भागात आपल्याला प्राचीन चेटूकधर्माचं एक जिवंत मंडळ सापडलं आणि त्यात आपली दीक्षा झाली. १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनर यांचं या धर्मावरचं पुस्तक बाहेर पडलं. त्याची प्रस्तावना मार्गारेट मरी यांची होती. या बाई इजिप्तच्या इतिहासाच्या नावाजलेल्या अभ्यासक. युरोपात ख्रिस्ती धर्माच्या पोटात एक अखंड जुना धर्म तग धरून होता आणि चेटकिणी म्हणजे त्याचे पुजारी, असा सिद्धान्त त्यांनी १९२१ मध्ये मांडला होता. पुढच्या इतिहासकारांनी तो पुराव्यानिशी मोडीत काढला. प्रस्तावना लिहिणाऱ्यांनी जपून राहावं, याचा यापेक्षा चांगला दाखला मला ठाऊक नाही.

ब्रिस्टल विद्यापीठातले रोनाल्ड हटन यांनी १९९९ मध्ये विक्काचा साद्यंत इतिहास लिहिला आणि दाखवून दिलं की हा धर्म जुन्या तुकड्यांतून, कवींच्या कल्पनांतून, फ्रीमेसनांच्या विधींतून आणि गार्डनर यांच्या हौसेतून विसाव्या शतकात तयार झाला. वर्षाच्या आठ सणांचं जे चक्र आज जगभरचे पेगन पाळतात, तेसुद्धा त्या स्वरूपात १९५० च्या दशकात जुळलं. यावर त्या मंडळींनी काय करावं? काही चिडले. पण बऱ्याच जणांनी हटन यांचं पुस्तक आपल्याच अभ्यासमंडळांत लावून वाचलं. आमचा धर्म सत्तर वर्षांचा आहे, बरं मग, असं म्हणणारा धर्म मला तरी दुर्मीळ वाटतो. आपला सार्वजनिक गणेशोत्सव लोकमान्यांनी १८९३ मध्ये उभा केला, त्याची तारीख सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून मांडवातला गणपती कोणी खोटा म्हणत नाही. प्राचीनतेचा दाखला मागण्याची सवय मुळात त्या टेबलापलीकडच्या माणसाची. नव्या पेगनांनी ती उचलली ती धाकाने.

मग हे लोक करतात काय? एकच गोष्ट जवळून पाहू. विक्काच्या विधीत आधी एक वर्तुळ आखतात. वर्तुळाभोवती सूर्याच्या चालीने, म्हणजे घड्याळाच्या काट्यांप्रमाणे, फिरतात आणि चार दिशांना बोलावतात. पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला माती. ही वाटणी आभाळातून पडलेली नाही. इंग्लंडमध्ये उभं राहिलं की भर दुपारचा सूर्य दक्षिणेला, अटलांटिक समुद्र पश्चिमेला, आणि थंडगार अंधारी बाजू उत्तरेची. हेच विधी घेऊन लोक ऑस्ट्रेलियात गेले तेव्हा पंचाईत झाली. तिथे दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. सिडनीत समुद्र पूर्वेला आहे. सूर्य आभाळात डावीकडे सरकताना दिसतो. ऑक्टोबरअखेर, म्हणजे मृतांच्या स्मरणाचा सण ज्या दिवशी करायचा त्या दिवशी, झाडांना नवी पालवी असते. बऱ्याच ऑस्ट्रेलियन पेगनांनी सरळ सगळं उलटं केलं. अग्नी उत्तरेला नेला, माती दक्षिणेला; वर्तुळ उलट्या दिशेने फिरायला लागले; मृतांचा सण मे महिन्याच्या तोंडावर आणला आणि वसंताचा सण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर. काहींनी पाणी पूर्वेला बसवलं. ग्रंथाचा आधार शोधत बसायचं कारण नव्हतं, पायाखालची जमीन आणि डोक्यावरचं ऊन बघितलं की पुरे. निसर्गधर्म या शब्दाचा अर्थ मला कुठल्याही व्याख्येपेक्षा या उलटापालटीत कळला.

मेलबर्नमधली मराठी मंडळी संक्रांत जानेवारीतच करतात, भर उन्हाळ्यात, चाळीस अंशांत. तिळगूळ खरं तर थंडीतलं उष्ण खाणं, पण तारीख पंचांगाची. आणि पंचांगाची तारीखही सूर्याच्या प्रत्यक्ष वळण्यापासून केव्हाच सुटलेली आहे. उत्तरायण लागतं २१-२२ डिसेंबरला, संक्रांत येते १४-१५ जानेवारीला, आणि साधारण सत्तर-बाहत्तर वर्षांना एक दिवस या वेगाने ती आणखी पुढे सरकते आहे. यात कमीपणा काही नाही. आपला सण परंपरेला धरून राहतो, त्यांचा ऋतूला. ‘हे आपलंच की’ म्हणणाऱ्याने निदान हा फरक तरी ध्यानात घ्यावा.

आइसलँडकडे पुन्हा येतो, कारण श्रद्धा आणि व्यवहार यांचं नातं तिथल्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं. इसवी सन १००० च्या सुमारास तिथल्या लोकसभेत ख्रिस्ती आणि जुन्या धर्माचे लोक हातघाईवर आले. निवाडा थोरगेर या कायदेपंडिताकडे सोपवला. तो स्वतः जुन्या धर्माचा. एक दिवस आणि एक रात्र तो पांघरूण ओढून पडून राहिला आणि उठून म्हणाला की देशात कायदा एकच हवा, नाहीतर शांतता राहणार नाही; सगळ्यांनी बाप्तिस्मा घ्यावा. सवलती मात्र ठेवल्या: घोड्याचं मांस खायला हरकत नाही, आणि जुन्या देवांना कोणी गुपचूप बळी दिला तर साक्षीदार मिळेपर्यंत गुन्हा नाही. परतीच्या वाटेवर बऱ्याच जणांनी थंड पाण्यात उतरायला नकार दिला आणि लाउगारवात्न इथल्या गरम पाण्याच्या कुंडात बाप्तिस्मा घेतला. अख्ख्या देशाचा धर्म बदलला आणि कोणाच्याही मनात डोकावून पाहिलं गेलं नाही.

आज आसात्रू संघाचा ब्लोत नावाचा विधी पाहिला तर त्यात मेजवानीचा भाग मोठा. जागा पवित्र केली जाते, एड्डा या जुन्या काव्यसंग्रहातल्या ओळी म्हटल्या जातात, पेयाने भरलेलं शिंग हातोहात फिरतं, देवांची आणि पूर्वजांची नावं घेतली जातात. पशुबळी नाही. मग जेवण. संघाचे विद्यमान प्रमुख हिल्मार ओर्न हिल्मारसन हे संगीतकार आहेत. आठ पायांच्या घोड्यावरून फिरणारा एकडोळ्या म्हातारा, म्हणजे ओदिन, खरोखर आहे असं आमच्यापैकी कोणी मानत असेल असं वाटत नाही, या अर्थाचं त्यांनी २०१५ मध्ये पत्रकारांना सांगितलं होतं. या कथा त्यांच्या लेखी निसर्गातल्या आणि माणसाच्या मनातल्या शक्तींची रूपकं. मग तुम्ही नास्तिक का, असा पुढचा प्रश्न ठेवलेलाच. तो विचारणाऱ्याला शिंग हातोहात फिरवण्याचं महत्त्व कसं पटवावं, यावर जगातले अर्धे पेगन डोकं खाजवत असतात.

अमेरिकेत हा प्रश्न थडग्यापर्यंत गेला. सार्जंट पॅट्रिक स्टुअर्ट हे नेवाडाच्या नॅशनल गार्डमधले सैनिक सप्टेंबर २००५ मध्ये अफगाणिस्तानात हेलिकॉप्टर पाडलं गेल्याने मारले गेले. ते विक्का पंथाचे. सैनिकाच्या स्मृतिशिलेवर त्याच्या धर्माचं चिन्ह कोरायची अमेरिकेत पद्धत आहे, आणि मान्य चिन्हांच्या सरकारी यादीत तेव्हा तीसहून जास्त चिन्हं होती. नास्तिकांचंसुद्धा होतं. वर्तुळातली पंचकोनी चांदणी मात्र नव्हती. तिच्यासाठीचे अर्ज १९९७ पासून या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होते. पत्नी रॉबर्टा स्टुअर्ट यांनी कोरी शिला लावून घ्यायला नकार दिला. विस्कॉन्सिनमधल्या सर्कल सँक्च्युअरी या पेगन संस्थेने आणि इतरांनी खटला भरला, आणि एप्रिल २००७ मध्ये सरकारने तडजोड करून चिन्ह यादीत घातलं. विशेष म्हणजे अमेरिकी लष्कराने आपल्या धर्मगुरूंसाठी काढलेल्या माहितीपुस्तकात १९७८ पासूनच विक्काची नोंद होती, तीही त्या पंथाच्या लोकांना विचारून केलेली. जिवंत सैनिकाचा धर्म लष्कराला जवळपास तीस वर्षं ठाऊक होता. मेल्यावर तो ओळखायला कोर्टाची पायरी चढावी लागली.

लिथुआनियाची गोष्ट मी पुस्तकात सगळ्यात लांबवली आहे, आणि लांबवण्याचं कारण माझी आवड आहे, दुसरं काही नाही. युरोपात सगळ्यात शेवटी ख्रिस्ती झालेलं हे राज्य. अधिकृत धर्मांतर १३८७ सालचं. त्यानंतरही घरातला अग्नी ही गाबिया देवी राहिली. बायका रात्री निखारे राखेखाली झाकताना तिला मीठ-भाकरी देत, आणि तिला हातपाय धुता यावेत म्हणून जवळ स्वच्छ पाण्याचं भांडं ठेवत. जमीन ही जेमिना. पेला तोंडाला लावण्याआधी चार थेंब तिला. बिनविषारी पाणसापासारखा जाल्तिस घरात आला तर त्याला दूध पाजण्याच्या जुन्या नोंदी आहेत. सोव्हिएत काळात, १९६७ मध्ये, योनास त्रिन्कूनस आणि त्यांच्या सोबत्यांनी कर्नावे इथल्या जुन्या किल्ल्यांच्या टेकड्यांवर जूनमधल्या सगळ्यात लहान रात्रीचा सण उघडपणे साजरा केला. शेकोट्या, गाणी, नदीत सोडलेल्या फुलांच्या कड्या, आणि मध्यरात्री नेच्याचं फूल शोधायला रानात जाणं. नेच्याला फूल येत नसतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्रिन्कूनस यांची विद्यापीठातली नोकरी १९७३ मध्ये गेली. स्वातंत्र्यानंतर, १९९२ मध्ये, त्यांच्या रोमुवा या संस्थेची नोंदणी झाली.

त्यानंतरचा भाग सरकारी. लिथुआनियाच्या कायद्याने नऊ धर्मसमुदायांना ‘पारंपरिक’ म्हणून मान्यता दिली आहे. त्यांत कॅथलिक आहेत, लूथरन आहेत, सुन्नी मुसलमान आणि ज्यू आहेत. ज्यांच्यामुळे देश युरोपातला शेवटचा पेगन देश म्हणून ओळखला जातो, ते त्यांत नाहीत. इतरांनी नोंदणीनंतर पंचवीस वर्षं थांबायचं आणि मग संसदेकडे मान्यता मागायची. रोमुवा थांबली. २०१९ मध्ये संसदेने नकार दिला. मतदानाआधी कॅथलिक बिशपांचं विरोधाचं पत्र खासदारांकडे गेलं होतं. जून २०२१ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने निकाल दिला की राज्याने तटस्थपणा सोडला आणि भेदभाव केला. तरी मान्यता यायला २०२४ उजाडलं. तीन दशकं त्यांना आपण धर्म आहोत हे सिद्ध करावं लागलं, आणि सिद्ध करता करता त्यांच्याकडे प्रमुख पुजारी, घटना, पदं, नियमावली असं सगळं आलं. शेकोटीभोवती गाणी म्हणणाऱ्यांची संस्था झाली. मान्यतेची ही किंमत त्यांच्यातले काही जण बोलून दाखवतात.

गाबिया आणि जाल्तिस वाचून मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे होम आणि नागपंचमी येणार, हे मला दिसतंय. लिथुआनियन भाषेत अग्नीला ‘उग्निस’ म्हणतात हे कळलं की तर विचारायलाच नको. भाषांचं नातं खरं आहे, ते विद्वानांनी दोनशे वर्षांपूर्वी दाखवलंय. पण भाषेच्या नात्यावरून धर्माची भाऊबंदकी काढली की मध्ये गेलेली काही हजार वर्षं गिळावी लागतात. २००३ मध्ये मुंबईत जगभरच्या प्राचीन परंपरांच्या वडीलधाऱ्यांची परिषद भरली होती, रोमुवाचे प्रतिनिधीही तिला आले होते. एकमेकांच्या अग्नीपुढे उभं राहण्यात त्यांना आनंद वाटला असेल, तो मी हिरावून घेणार नाही. पण ‘तुम्ही युरोपातले हिंदू’ असं त्यांना म्हणणं म्हणजे पुन्हा एकदा कोणीतरी टेबलापलीकडे बसून त्यांची ओळख भरून टाकणं. या वेळी प्रेमाने, एवढंच.

आणि हाच उद्योग आपण घरात केलेला आहे. ब्रिटिशांच्या जनगणनेत आदिवासींच्या धर्मासाठी वेगवेगळ्या नावांचा एक रकाना असे. १९५१ पासून तो गेला. २०११ च्या जनगणनेत ‘इतर धर्म’ या सदरात सुमारे ७९ लाख लोक होते, त्यांपैकी जवळपास ५० लाखांनी स्वतःहून ‘सरना’ हे आपल्या आदिवासी धर्माचं नाव लिहवून घेतलं होतं. झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये सरनाला स्वतंत्र रकाना द्यावा असा ठराव केला. डहाणू-जव्हारकडच्या वारल्यांचा वाघोबा पाहिलात तर लाकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर वाघ, वर चंद्र-सूर्य, आणि शेंदूर. वाघबारशीला त्याला मान द्यायचा. त्याने आपली हद्द सांभाळायची, आपण आपली. बिबट्या अजूनही त्या रानात आहे, गोठ्यापर्यंत येतो, आणि लोक त्याच रानात राहतात. तुम्ही वाघाला देव मानता का, असा प्रश्न तिथे विचारून पाहा. तो प्रश्नच कसा लंगडा आहे ते लगेच कळेल. वाघोबाशी त्यांचा करार आहे.

या पुस्तकात मात्र आदिवासी धर्मांवर प्रकरण नाही, आणि ते मी मुद्दाम टाळलं आहे. रेक्याविकचा संगीतकार आपला धर्म निवडतो. वारल्याला तो आईच्या दुधासोबत मिळतो, आणि त्याच्या रानावर धरणवाल्यांचा आणि कारखानदारांचा डोळा असतो. दोघांना एका माळेत ओवलं की ऐटीचं पुस्तक होतं, पण ज्याचं रान जातंय त्याची बाजू पातळ होते. शिवाय वारल्यांनी आपल्याविषयी लिहावं आणि आपण वाचावं, हा क्रम मला जास्त बरोबर वाटतो.

एक वाईट बाजूही आधीच सांगून टाकतो, कारण पुस्तकात ती अध्येमध्ये येत राहील. माती, पूर्वज, रक्त या गोष्टींचं प्रेम फार लवकर वंशाभिमानाकडे घसरतं. नाझींनी जुन्या जर्मन देवांची चिन्हं मिरवली, आणि आजही अमेरिकेत थोर-ओदिनाचं नाव घेऊन फक्त गोऱ्यांना प्रवेश देणारे गट आहेत. आसात्रू संघाने समलिंगी जोडप्यांची लग्नं लावायला पाठिंबा दिला म्हणून परदेशातल्या अशाच लोकांनी त्यांना शिव्यांची पत्रं धाडली. २०१६ मध्ये बऱ्याच संघटनांनी एका वंशवादी गटाशी संबंध तोडल्याचं जाहीर निवेदन काढलं. तरी भांडण मिटलेलं नाही. निसर्गाची पूजा करणारा माणूस आपोआप सोज्वळ असतो असं समजून कोणी पुस्तक उघडत असेल तर त्याने तिसरं प्रकरण आधी वाचावं.

राहिली मांडणीची बाब. प्रकरणं पेगन वर्षाच्या क्रमाने लावली आहेत, आणि त्यांचं वर्ष हिवाळ्याच्या तोंडाशी, अंधारात सुरू होतं. त्या पहिल्या सणाचं आयरिश नाव लिहितात एक आणि उच्चारतात ‘साविन’. श्रावणाशी त्याचा काही संबंध नाही, कोणी जोडूही नये. इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी स्वतःला पेगन म्हणवलं आणि १३ हजारांनी विक्का पंथाचे. याहून जास्त आकडे पुस्तकात शोधू नयेत, कारण नोकरी जाईल किंवा मुलांचा ताबा जाईल या भीतीने रकाना कोरा ठेवणारे त्यांच्यात पुष्कळ आहेत. मंत्र-तोडगे दिलेले नाहीत. विधींची वर्णनं आहेत, पण घरी करून पाहण्याच्या कृती नाहीत. ज्यांना करायचेच असतील त्यांनी आधी आपल्याकडे दुपारचा सूर्य कुठे असतो आणि पाऊस कोणत्या महिन्यात येतो ते पाहावं, आणि सणांचं वेळापत्रक तिथून नव्याने लावावं, कारण आयर्लंडचं वेळापत्रक कोकणात पहिल्याच जूनमध्ये वाहून जाईल.